लेबलवरचा आकडा कोणाच्या अंगाचा?

इंच म्हणजे नेमके किती, याविषयी आता कोठेही वाद उरलेला नाही. अमेरिका, ब्रिटन आणि आणखी काही देशांनी १९५९ साली आपसांत ठरवून इंचाची लांबी बरोबर २.५४ सेंटिमीटर अशी निश्चित केली, आणि तेव्हापासून सुताराच्या टेपवरचा इंच आणि टीव्हीच्या पडद्याचा इंच एकच आहे. पँटच्या कमरेवर शिवलेल्या लेबलातला इंच मात्र या करारातून सुटलेला दिसतो. एका अमेरिकी मासिकाच्या लेखकाने २०१० साली वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुरुषी पँट जमवल्या आणि त्यांच्या कमरेला टेप लावला. प्रत्येक लेबलवर ३६ इंच लिहिलेले होते. प्रत्यक्षात सर्वांत लहान कंबर ३७ इंच भरली आणि सर्वांत मोठी ४१. छत्तीस एकही भरली नाही. पुरुषांच्या कपड्यांवरचे आकडे तरी खरे असतात, ती एस, एम, एल ही भानगड बायकांच्याच कपड्यांत असते, असे म्हणणाऱ्या माझ्या ओळखीच्या प्रत्येक पुरुषाला मी ही गोष्ट सांगत आले आहे.

एका कंपनीचा एम मला खांद्यात आवळतो, दुसरीचा एम अंगावर लोंबतो आणि तिसरीचा एल दंडातच अडकतो. हे सर्वांच्याच बाबतीत घडते, त्यामुळे त्याची तक्रार करणेही आता जुनाट वाटू लागले आहे. दुकानातली माणसे तर हे गृहीतच धरून असतात. आपण साइज सांगितली की समोरचा मुलगा अंगावर एक नजर टाकून म्हणतो, “मॅडम, ह्या ब्रँडमध्ये एक नंबर वरचा घ्या.” त्याचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर निघते, आणि मला अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. कपड्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा तो कपडा विकणाऱ्याच्या नजरेवर अधिक विसंबावे लागत असेल, तर तो आकडा छापला तरी कशासाठी?

ट्रायल रूममध्ये काय होते, याचा विचार मी अलीकडे पुष्कळ केला आहे. नेहमीच्या साइजची जीन्स मांड्यांशी अडली की पहिला विचार कापडाचा येत नाही, स्वतःचा येतो. आपण सुटलो, जेवणावर लक्ष नाही, चालणे बंद पडले, असे सगळे आरोप त्या चौकोनी खोलीत क्षणात उभे राहतात, आणि वरचा दिवा व तीन बाजूंचे आरसे त्यांना पुरावे पुरवतात. तीच बाई शेजारच्या दुकानात जाते, तिथे एक साइज लहान बसते आणि मन हलके होते. या दोन दुकानांच्या मधल्या वेळात तिच्या शरीरात काहीही बदललेले नसते. प्रौढ माणसाला हे कळते आणि तरीही लागते. वयात येणाऱ्या मुलीला ते कळतही नाही. जिचे शरीर दर काही महिन्यांनी तिलाच अनोळखी होत असते, तिच्या हातात आपण एक आकडा देतो. ती तो स्वतःविषयीची माहिती म्हणून स्वीकारते आणि पुढची कित्येक वर्षे बाळगते. माझी एक मैत्रीण ऐन उन्हाळ्यातही सैल, पूर्ण बाह्यांचे कपडेच घालत असे, कारण शाळकरी वयात एका दुकानात “तुझ्या मापाचं आमच्याकडे नाही” असे तिला सर्वांदेखत ऐकवले गेले होते. त्या दुकानातले सगळे कपडे कोणत्या तरी एकाच ठरावीक अंगावर बेतलेले होते आणि ती मुलगी त्या अंगाची नव्हती, एवढाच त्या वाक्याचा खरा अर्थ होता. तो तिला कोणी सांगितला नाही.

हे आकडे आले कोठून, हे शोधताना मी सैन्यापर्यंत पोहोचले. अंगावर माप घेऊन कपडे शिवण्याची रीत जगभर फार जुनी आहे, पण हजारो माणसांना एकाच वेळी कपडे पुरवायचे तर प्रत्येकाचे माप घेत बसणे शक्य नसते. स्कॉटलंडच्या सैनिकांच्या छातीची मापे १८१७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती, आणि ती गोळा करणारा गृहस्थ पलटणींना कपडे पुरवण्याचे काम करणारा होता. पुढे आदोल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने त्यातल्या ५,७३८ सैनिकांच्या मापांवरून सरासरी काढली. ती चाळीस इंचांच्या किंचित खाली आली. ‘सरासरी माणूस’ ही कल्पना लोकप्रिय करणाऱ्या या गणिताला गणवेशाच्या मापांतून आकडे मिळाले, याचे मला आजही नवल वाटते. मापे मात्र ३३ इंचांपासून ४८ इंचांपर्यंत पसरलेली होती. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात प्रचंड संख्येने गणवेश लागले, सैनिकांच्या मापांच्या नोंदी झाल्या, आणि मापांचे काही मेळ पुन्हा पुन्हा आढळतात हे कारखानदारांच्या लक्षात आले. पुरुषांच्या तयार कपड्यांचा धंदा त्या नोंदींवर पुष्कळ वाढला. छातीच्या मापावरून उरलेल्या अंगाचा अंदाज बांधणे तरुण, कवायतीने घडलेल्या सैनिकांच्या बाबतीत बऱ्यापैकी जमत असे.

बायकांच्या बाबतीत तो अंदाज जमेना. १९३९ आणि १९४० या वर्षांत अमेरिकेच्या कृषी खात्याने स्त्रियांच्या मापांची मोठी मोजणी केली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी तिचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध केला. सुमारे १५,००० स्त्रियांच्या अंगाची प्रत्येकी पन्नासहून अधिक मापे घेतली गेली होती. काम कष्टाचे आणि प्रामाणिक होते, पण त्यात एक मोठे छिद्र होते. विश्लेषणात फक्त गोऱ्या स्त्रियांच्याच नोंदी धरल्या गेल्या, बाकीच्यांची मापे घेतली असली तरी ती बाजूला ठेवली गेली. ‘सर्वसाधारण स्त्री’ ठरवताना कोण मोजायचे आणि कोण मोजायचे नाही हे आधीच ठरलेले होते, आणि पुढच्या काही दशकांचे कपडे त्या निर्णयावर बेतले गेले. ज्या बाईला आज खांद्यात नीट बसणारा ब्लाउज कमरेत बसत नाही, तिच्या अडचणीची एक वाट त्या बाजूला ठेवलेल्या कागदांकडे जाते, असे मला वाटते.

त्याच अहवालात एक निष्कर्ष मात्र अतिशय मोलाचा होता. स्त्रीच्या देहाचे वर्णन एका मापाने होत नाही, निदान दोन तरी हवीत, आणि त्यांत उंची व वजन ही जोडी सर्वांत उपयोगाची ठरते, असे मोजणाऱ्यांना आढळले. अडचण एवढीच होती की दुकानात वजन सांगायला बायका तयार होणार नाहीत. पुढे १९५८ साली अमेरिकेत स्त्रियांच्या कपड्यांसाठी मानक प्रसिद्ध झाले. त्यात ८ ते ३८ असे आकडे होते, उंचीसाठी वेगळी अक्षरे होती आणि नितंबांच्या ठेवणीसाठी वेगळी चिन्हे. त्या मानकात ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच, कंबर साडेतेवीस इंच आणि नितंब साडेबत्तीस इंच असे स्पष्ट लिहिलेले होते. ते मानक पाळणे ऐच्छिक होते, १९७०च्या सुमारास ते सुधारले गेले आणि १९८३ साली काढून घेतले गेले. त्यानंतर ज्याने त्याने आपापले कोष्टक केले. आज अमेरिकेत ८ नंबर म्हणून विकल्या जाणाऱ्या कपड्याची मापे १९५८च्या १६ नंबरच्या जवळ जातात. म्हणजे आकडा तोच राहिला आणि त्याच्याखालची कंबर सरकत गेली.

हे सरकणे आपोआप झाले नाही. मोठ्या मापाच्या कपड्यावर लहान आकडा लावला की गिऱ्हाईक सुखावते आणि सुखावलेले गिऱ्हाईक विकत घेते, हे विकणाऱ्यांना फार पूर्वी कळले आहे. बरीच माणसे या प्रकाराला निरुपद्रवी खुशामत समजतात. कोणाचे मन राखले जात असेल तर काय बिघडले, असे ती विचारतात. मला वाटते, पुष्कळ बिघडते. लहान आकडा म्हणजे चांगला देह, ही समजूत पक्की असल्याशिवाय ही खुशामत चालूच शकत नाही, आणि खुशामत करणारा प्रत्येक विक्रीगणिक ती समजूत आणखी पक्की करत असतो. एका दुकानात मिळालेले सुख पुढच्या दुकानात दुःख होऊन समोर येते, कारण तिथले कोष्टक इतके उदार नसते. शिवाय सगळेच आकडे खाली सरकवू लागले की अंगाने खरोखर बारीक असलेल्या बायकांना मोठ्यांच्या विभागात कपडेच उरत नाहीत आणि त्यांना मुलांच्या विभागात जावे लागते. औषधाच्या बाटलीवरचे मिलिलिटर रोग्याला बरे वाटावे म्हणून कोणी कमी लिहीत नाही. कपड्यावरचा आकडा तेवढा जीवघेणा नसेल, पण तोही मोजमाप म्हणूनच छापलेला असतो.

तरीही सगळा दोष खुशामतीच्या माथी मारला तर ते अन्यायाचे होईल. कपडा कसा तयार होतो हे समजून घेतल्यावर माझा कंपन्यांवरचा राग काही बाबतींत निवळला आणि काही बाबतींत जास्त टोकदार झाला. प्रत्येक कंपनी आधी एक मधली साइज पक्की करते. त्यासाठी एक खरीखुरी व्यक्ती नेमलेली असते, तिच्या अंगावर नमुने चढवून, टाचण्या लावून, पुन्हा उसवून पॅटर्न, म्हणजे कापड बेतण्याचा साचा, ठरवला जातो. त्या कंपनीच्या लेखी त्या व्यक्तीची पाठ म्हणजे पाठ आणि तिचे खांदे म्हणजे खांदे. मग त्या एका पॅटर्नवरून इतर साइज काढल्या जातात. छातीला इतके वाढवायचे, कमरेला इतके, मुंढ्याला इतके, असे ठरलेले नियम असतात, आणि तेही कंपनीगणिक वेगळे. माणसे अशा नियमाने वाढत नाहीत. एखाद्याचे पोट वाढले म्हणून त्याचे खांदे रुंद होत नाहीत की हात लांब होत नाहीत, पण कोष्टकात ते सगळे बरोबरच वाढते. मधल्या साइजपासून जितके दूर जावे तितका कपडा अंगाशी फटकून वागतो. मोठ्या साइजच्या शर्टाच्या बाह्या अनेकदा बोटांपर्यंत येतात, त्याचे कारण हे आहे.

त्यात सैलपणाचा प्रश्न वेगळाच असतो. छाती ३६ इंच असलेल्या माणसाचा शर्ट ३६ इंचांचा केला तर त्याला श्वासही घेता येणार नाही, म्हणून हालचालीसाठी काही इंच जादा द्यावे लागतात. ते किती द्यायचे, हा अभिरुचीचा भाग आहे. एकाला अंगासरशी शर्ट हवा असतो, दुसऱ्याला ढगळ. इथे कंपन्यांमध्ये फरक असावा, अशीच माझी इच्छा आहे. सगळीकडे एकाच घेराचे कपडे मिळू लागले तर ते गणवेश होतील.

मग कापड येते. कारखान्यात कापडाचे कित्येक थर एकावर एक पसरून उभ्या पात्याच्या यंत्राने एकदम कापले जातात. पाते किंचित कलले की वरच्या आणि खालच्या थरांच्या तुकड्यांत फरक पडतो. शिवताना कोणी शिवणीत थोडे कापड जास्त दाबतो, कोणी कमी. जीन्स तर शिवून झाल्यावर धुतली जाते, आणि रंगाची छटा बदलायची तर धुण्याची रीत बदलते, म्हणून त्याच कंपनीची, त्याच नंबरची काळी जीन्स निळीपेक्षा घट्ट लागू शकते. हे सगळे गृहीत धरून कंपन्या काही फरक मान्य करतात. कमरेला अर्धा इंच इकडे किंवा तिकडे चालतो असे ठरले, तर एकाच नंबरच्या दोन पँटमध्ये एक इंचाचे अंतर असूनही दोन्ही तपासणीतून पार होतात. एकाच गठ्ठ्यातल्या दोन पँट घालून पाहाव्यात असे अनुभवी माणसे सांगतात, ते उगाच नाही.

आणि देहांचे काय? अमेरिकेच्या हवाई दलातला गिल्बर्ट डॅनियल्स हा तरुण अधिकारी १९५० साली ४,०६३ वैमानिकांची मापे तपासत होता. उंची, छाती, बाही यांसारखी दहा मापे त्याने घेतली, प्रत्येक मापाच्या सरासरीभोवतीचा चांगला ऐसपैस पट्टा धरला, आणि दहाही मापांत सरासरी असलेले किती जण आहेत ते पाहिले. एकही नव्हता. मुळात निवडून घेतलेल्या, बऱ्याचशा सारख्या बांध्याच्या तरुण पुरुषांतही एक ‘सरासरी’ देह सापडला नाही. मला या शून्याचा फार आधार वाटतो. पुढे ब्रिटनमध्ये २००१-०२ साली यंत्राने संपूर्ण देह टिपून सुमारे ११,००० जणांची मापे घेतली गेली. स्पेनच्या आरोग्य खात्याने १२ ते ७० वयाच्या दहा हजारांवर स्त्रियांची मापे घेतली आणि त्यांच्या बांध्यांचे ठळक तीन प्रकार सांगितले. भारतातही २५,००० लोकांच्या मापांचा असाच प्रकल्प हाती घेतला गेला. स्पेनमध्ये तर मोठ्या कंपन्यांशी करार करून दुकानांच्या दर्शनी भागातल्या पुतळ्यांचे माप ३८ नंबरखाली नसावे असेही ठरवले गेले. हे प्रयत्न मला मनापासून आवडतात, कारण ते आपल्याला हवा तो देह कल्पून न घेता समोरचा देह मोजायला निघतात. पण कितीही माणसे मोजली तरी कोष्टकात शेवटी मोजकेच आकडे बसणार, आणि बहुतेक माणसे दोन आकड्यांच्या मध्येच कोठेतरी असणार.

म्हणून जगभर एकच एम असावा, अशी माझी मागणीच नाही. ते होणार नाही आणि झाले तर बऱ्याच जणांना त्रासाचे होईल. एकाच कपड्यावर इटलीत ४२, फ्रान्समध्ये ३८, जर्मनीत ३६, ब्रिटनमध्ये १० आणि अमेरिकेत ६ असे छापले जाते, त्याचीही सवय होऊ शकते. खटकते ते हे की यातला एकही आकडा कशाचेही माप नाही. ते खोलीच्या दारावरच्या क्रमांकासारखे नुसते क्रमांक आहेत आणि तरी आपण त्यांना स्वतःचे माप समजतो.

याहून सरळ मार्ग माणसांनी शोधलेले आहेत. जपानच्या मानकात स्त्रीच्या कपड्यावर 'नऊ ए आर' असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ छाती ८३ सेंटिमीटर, नितंबांची साधारण ठेवण, उंची १५८ सेंटिमीटर असा ठरलेला असतो. शिवाय ही मापेही लेबलवर असतात. युरोपच्या मानकाने तर एक छोटी आकृती सुचवली आहे. उभ्या माणसाचे चित्र, त्यावर छाती, कंबर, नितंब, उंची यांच्या रेघा आणि रेघांपुढे सेंटिमीटर. वाचता न येणाऱ्यालाही ती कळेल. सक्ती नसल्यामुळे अनेक कंपन्या ती छापत नाहीत. ऑनलाइन कोष्टके असतात, पण त्यांतली मापे अंगाची आहेत की कपड्याची, हे बरेचदा लिहिलेलेच नसते. छाती ४० लिहिलेली असेल तर ती ४० इंच छातीच्या माणसासाठी आहे की शर्टाचा घेरच ४० आहे, यावर तो शर्ट अंगात जाईल की नाही हे ठरते, आणि तेवढाच एक शब्द लिहायचा राहिलेला असतो.

त्या राहून गेलेल्या शब्दाची किंमत सगळेच मोजतात. साइजचा भरवसा नाही म्हणून लोक एकाच कपड्याच्या दोन-तीन साइज मागवतात आणि एक ठेवून बाकीच्या परत करतात. ते कपडे पुन्हा गाडीतून जातात, पुन्हा उघडून तपासले जातात, घडी घालून पुन्हा बांधले जातात, आणि काही विक्रीला परत न येताच टाकून दिले जातात. ज्यांना परत पाठवण्याची दगदग झेपत नाही, त्यांच्या कपाटात लेबलही न काढलेले कपडे पडून राहतात. कोष्टकाच्या दोन्ही टोकांची माणसे तर हळूहळू खरेदीला जाणेच सोडतात. फार उंच, फार ठेंगणी, अंगाने मोठी, आजारपणाने देह बदललेली ही माणसे मिळेल ते सैल कापड अंगावर घेतात आणि त्याला आपली आवड म्हणू लागतात. मला सर्वांत जास्त वाईट त्यांचे वाटते.

मी स्वतः आता कपडे घेताना टेप जवळ ठेवते. मला चांगली बसणारी एक पँट सपाट पसरून तिची कंबर, नितंबांवरचा घेर, मांडी, कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची आणि पायाची आतली लांबी मी लिहून ठेवली आहे, आणि दुकानात ट्रायल रूमकडे जाण्याआधी नव्या पँटला तोच टेप लावते. लेबल मी शेवटी पाहते. या सवयीने माझे बरेच श्रम वाचले आणि आरशासमोरचे ते आरोपही जवळपास बंद झाले. पण हे काम गिऱ्हाइकाने का करावे, हा प्रश्न उरतोच, कारण ही मापे कोणीतरी आधीच घेतलेली असतात. कपड्याचा प्रत्येक नवा नमुना कारखान्यात जातो तेव्हा त्याच्याबरोबर मापांचा तक्ता जातो. प्रत्येक साइजची कंबर किती, घेर किती, बाही किती आणि कोठे किती फरक चालेल, हे त्यात सेंटिमीटरमध्ये लिहिलेले असते. तपासणारी माणसे त्या तक्त्याशी टेप ताडून माल पुढे पाठवतात. बेतणाऱ्याकडे तो तक्ता असतो, शिवणाऱ्याकडे असतो, तपासणाऱ्याकडे असतो. ज्याला तो कपडा अंगावर घालायचा आहे, त्याच्याच हातात तो येत नाही. त्या तक्त्यातल्या चार ओळी लेबलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहज मावतील, आणि मला हव्या आहेत त्या त्याच चार ओळी.